यॉर्की-पूडल: बडोद्याच्या पावसाळ्यात केस आणि कान

यॉर्की-पूडल म्हणजे यॉर्कशायर टेरियर आणि पूडल यांच्या संकराचं कुत्रं. त्याचे केस फारसे गळत नाहीत, वाढतच राहतात. सुटलेला केस अंगावरच अडकतो आणि बडोद्याच्या दमट पावसाळ्यात काखेत, कानामागे, पट्ट्याखाली बघता बघता गुंता होतो. म्हणून रोज १० मिनिटं द्या: आधी स्लिकर ब्रश (बारीक, वाकड्या तारांचा ब्रश), मग स्टीलचा कंगवा, तोही अगदी कातडीपासून. वरवर विंचरलेलं कुत्रं छान फुललेलं दिसतं, पण गाठ आत तशीच असते! कंगवा अडला की गाठ मुळाशी चिमटीत धरा, म्हणजे कातडी ओढली जात नाही, आणि टोकाकडून सोडवत या. गुंता सोडवल्याशिवाय आंघोळ नको. भिजला की तो आवळतो, खाली ओल राहून कातडी लाल होते. केस दर ६ ते ८ आठवड्यांनी कापा.

लोंबत्या कानांत हवा खेळत नाही. आंबूस वास, तपकिरी मळ, सारखं डोकं झटकणं दिसलं तर तेल घालू नका, पशुवैद्याला दाखवा.

चालताना मागचा पाय उचलून दोन-तीन उड्या मारत असेल, तर बहुधा गुडघ्याची वाटी सरकते आहे. सोफ्यावरून उड्या बंद करा, वजन वाढू देऊ नका, तपासून घ्या.

आणि सेव-उसळ कितीही मागितली तरी देऊ नका. कांदा-लसणाने त्याच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात.