साथ पसरू लागली की लहान कारखान्याने काय करावे

जागतिक आरोग्य संघटनेने कोविडबाबत आंतरराष्ट्रीय आणीबाणी जाहीर केली ती ३० जानेवारी २०२० रोजी. भारतातला पहिला रुग्णही त्याच दिवशी केरळमध्ये सापडला होता आणि देशभर टाळेबंदी लागू झाली ती २५ मार्चला. मधल्या ५५ दिवसांत आमच्या चाळीस माणसांच्या वर्कशॉपने सॅनिटायझरचे दोन कॅन विकत घेतले, याखेरीज काहीही केले नाही. पुढच्या वेळी हे दिवस वाया जाऊ नयेत, म्हणून हे लिहीत आहे.

तयारीची सुरुवात हजेरीपटापासून करावी. प्रत्येक नावापुढे तीन गोष्टी लिहाव्यात : तो कुठे व कोणाबरोबर राहतो, कामावर कसा येतो आणि तो पंधरा दिवस आला नाही तर त्याचे मशीन कोण चालवील. आम्ही हा पट मांडला तेव्हा वेल्डिंगचे पाचही जण एकाच खोलीत राहतात हे प्रथमच लक्षात आले. रात्री एका चटईवर शेजारी झोपणाऱ्या माणसांना दिवसा सहा फुटांवर उभे करून काहीच साधणार नव्हते. अशा वेळी एका खोलीतल्या सर्वांना एकाच पाळीत ठेवावे, म्हणजे दुसऱ्या पाळीशी त्यांचा संबंध येत नाही. मात्र एखाद्या कामाची सगळीच माणसे एका खोलीत असतील, तर दुसऱ्या पाळीतल्या निदान एकाला ते काम आधीच शिकवून ठेवावे लागते.

यानंतरचा प्रश्न पगाराचा आहे आणि माझ्या मते सगळी तयारी इथेच टिकते किंवा कोसळते. आजारी माणसाचा दिवस बुडणार असेल तर तो तापाची गोळी घेऊन कामावर येतो, आणि गोळीमुळे ताप उतरलेला असल्याने दारावरच्या थर्मामीटर गनला काहीही कळत नाही. त्यामुळे साथ सुरू होताच हजेरी भत्ता स्थगित करावा किंवा सर्वांना सरसकट द्यावा. महिनाभर एकही खाडा न करणाऱ्याला मिळणारी ही रक्कम एरवी ठीक असली, तरी साथीत ती आजार दडवण्याचे बक्षीस ठरते. ईएसआय म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेच्या कक्षेतील कामगाराला डॉक्टरांच्या प्रमाणपत्रावर वेतनाच्या ७० टक्के आजारपण लाभ वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळू शकतो, पण त्यासाठी वर्गणी नियमित भरलेली असावी लागते. ठेकेदाराच्या माणसांची वर्गणी खरोखर जमा होते का, हे वर्गणी भरल्याचे चलन मागवून तपासावे. ठेकेदाराच्या तोंडी आश्वासनावर विसंबू नये. प्रमाणपत्र मिळून पैसे हातात पडेपर्यंतचे दिवस कारखान्याने भरपगारी धरावेत.

या बाबतीत देशादेशांत मोठा फरक दिसला. जर्मनीत कामाचे तास कमी झालेल्या कामगाराला बुडालेल्या निव्वळ वेतनाच्या ६० टक्के, आणि मूल असल्यास ६७ टक्के रक्कम सरकारी विम्यातून मिळत होती. ब्रिटनने सुरुवातीला घरी बसलेल्यांच्या पगाराचा ८० टक्के भार, महिना २,५०० पौंडांच्या मर्यादेत, स्वतः उचलला. आपल्याकडे केंद्रीय गृह मंत्रालयाने २९ मार्च २०२० रोजी पूर्ण वेतन देण्याचा आदेश काढला, परंतु मालकांना त्यासाठी पैसे दिले नाहीत, आणि १८ मेपासून तो आदेश लागू राहिला नाही. म्हणून निदान एका महिन्याच्या पगाराइतकी रक्कम साथीसाठी वेगळी ठेवावी. लहान मालकाला ते जड जाते हे मान्य आहे. महिन्याचे जमत नसेल तर पंधरा दिवसांची तरी ठेवावी.

आता हवेकडे वळू. दक्षिण कोरियातील सोल शहराच्या गुरो भागातील एका इमारतीत मार्च २०२० मध्ये ११४३ जणांची चाचणी झाली आणि ९७ जण बाधित निघाले. त्यांपैकी ९४ जण अकराव्या मजल्यावरच्या कॉल सेंटरमधले होते, जिथे २१६ माणसे काम करत होती, आणि त्यांतलेही बहुतेक मजल्याच्या एकाच बाजूला बसणारे होते. लिफ्ट आणि लॉबी सर्वांची सामायिक असूनही आजार मुख्यतः तिथेच पसरला, जिथे माणसे तासन्‌तास एका बंद जागेत बोलत बसत होती. तेव्हा रेलिंग पुसण्यावर खर्च होणारा वेळ खिडक्यांवर खर्च करावा. वर्कशॉपचे शटर उघडे असते. धोका असतो तो एसी लावलेल्या ऑफिसात, कपडे बदलण्याच्या खोलीत आणि मीटिंग रूममध्ये. कार्बन डायऑक्साइड मोजणारे छोटे यंत्र तिथे ठेवावे. बाहेरच्या हवेत हे प्रमाण साधारण ४२० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग) असते, आत ते हजारापुढे जाऊ लागले तर खिडकी उघडावी, एक्झॉस्ट लावावा किंवा माणसे कमी करावीत.

जेवणाच्या सुट्टीचा विचार सहसा कोणी करत नाही. सकाळभर नियमाने मास्क लावणारी माणसे एक वाजता एकाच बाकाभोवती बसतात, मास्क खिशात जातो, डब्यातली भाजी एकमेकांच्या डब्यात जाते आणि गप्पा रंगतात. तीन तुकड्या करून, शक्यतो शेडबाहेर, जेवायला बसवावे. अंगठ्याचे हजेरी यंत्र बंद करून सुपरवायझरने वहीत हजेरी मांडावी. स्पर्शापेक्षाही त्या यंत्रापुढची सकाळची रांग अधिक त्रासदायक ठरते.

सरकारी आदेश वाचण्याचे काम एकाच माणसाकडे द्यावे. २०२० मध्ये राज्य सरकारने प्लेगच्या काळात झालेला १८९७ चा साथरोग कायदा लागू केला, केंद्राने २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा वापरला, आणि प्रत्यक्षात कारखाना चालू ठेवायचा की नाही हे पुष्कळदा जिल्हाधिकारी किंवा महापालिका आयुक्तांच्या आदेशावर ठरत होते. आदेशाची प्रत दिनांकानुसार फाइलला लावावी. व्हॉट्सॲपवर आलेला, सही व क्रमांक नसलेला कागद आदेश मानू नये.

कोणी बाधित निघाल्यास त्याचे नाव फलकावर लावू नये. आदल्या दोन दिवसांत त्याच्याजवळ कोण होते, तेवढ्यांनाच कळवावे. रोज संध्याकाळी त्याला फोन करून ऑक्सिमीटरचे रीडिंग विचारावे आणि ते ९४ च्या खाली आल्यास डॉक्टरांकडे न्यायची गाडी कोणाची, हे आधीच ठरवून ठेवावे. एन-९५ मास्कची पेटी दर सहा महिन्यांनी उघडून पाहावी, कारण त्यांचे इलॅस्टिक न वापरताही सैल पडते.