अडाप्टर बदलताय? पिन सगळ्यात शेवटी बघा

आमच्या वाडीत गणपतीत भजनाला जी पोरं येतात त्यातला एक कीबोर्ड वाजवतो. एका वर्षी तो कीबोर्ड घेऊन आला पण अडाप्टर घरी विसरला, आणि घर त्याचं घाटी उतरून व्हाळापलीकडे, बाहेर पाऊस असा की छत्री नुसती नावाला. मी म्हटलं थांब, माझ्याकडे डबा आहे. बिस्किटांचा पत्र्याचा डबा, त्यात आजपर्यंत घरात आलेल्या प्रत्येक वस्तूचा अडाप्टर. त्यातला जुन्या सेट टॉप बॉक्सचा उचलला, पिन घातली, अशी मस्त बसली की जणू त्याचाच. स्विच टाकला आणि पाच सेकंदात आतून काकी ओरडली, "काय जळता रे?"

तो कीबोर्ड होता ९ व्होल्टचा आणि त्याला पिनच्या आत मायनस लागतो, मी लावला १२ व्होल्टचा आणि आत प्लस असलेला. म्हणजे एका पिनमधे दोन चुका. आतला संरक्षणाचा डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारा बारीक भाग, जळला म्हणून बाकीचं वाचलं, दुरुस्तीचे पैसे अर्थात मी दिले. तेव्हापासून माझा एकच नियम, अडाप्टर शोधताना पिन बसते का हे सगळ्यात शेवटी बघायचं. आपण सगळे उलटं करतो, आधी पिन घालून बघतो आणि बसली की खूश.

तर पहिलं काम, डबा उघडायच्या आधी वस्तू उलटी करा. राउटर, सेट टॉप बॉक्स, वजनकाटा, जे काही असेल ते. मागे किंवा खाली स्टिकर असतो, नाहीतर जिथे पिन जाते त्या भोकाच्या बाजूला प्लास्टिकवरच बारीक अक्षरात कोरलेलं असतं. डोळ्यांना दिसत नसेल तर मोबाईलने फोटो काढून मोठा करा. वस्तूवर लिहिलेलं खरं धरायचं, जुन्या अडाप्टरवरचं दुसऱ्या नंबरला, कारण तो जुना अडाप्टर तरी मुळातला आहे की आधीच कोणीतरी बदललाय हे कोणाला माहीत. दोन्हीवर सारखंच लिहिलेलं असेल तर प्रश्नच मिटला.

अडाप्टरच्या स्टिकरवर दोन ओळी असतात, इनपुट आणि आऊटपुट, आणि लोक हमखास चुकीची ओळ वाचतात. इनपुट म्हणजे भिंतीतून आत येणारी वीज. आपल्याकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, त्यामुळे इनपुटला १०० ते २४० लिहिलेलं असेल तर पुढे जा. आपल्या गावातली निम्मी घरं मस्कत, दुबई नाहीतर बोटीवर, म्हणून इथे जरा थांबून सांगतो. दुबईकडून आलेल्या अडाप्टरला व्होल्टेजचा त्रास नसतो, तिकडे पण आपल्यासारखंच आहे, फक्त तीन चौकोनी पिनांचा प्लग असतो, त्याला बदलपिन लावली की झालं. पण बोटीवरचा कोणी जपानमधून रेडिओ किंवा कॅमेऱ्याचा चार्जर घेऊन आला तर आधी वाचा, कारण जपानात १०० व्होल्ट असतात आणि अमेरिकेत १२०. इनपुटला नुसतं १०० किंवा १२० लिहिलेलं असेल तर तो इथल्या बोर्डात घालायचा नाही म्हणजे नाही, बदलपिन फक्त आकार बदलते, व्होल्ट नाही.

आता आऊटपुट, म्हणजे वस्तूला जे मिळतं ते. यात पहिला आकडा व्होल्टचा आणि तो जुळलाच पाहिजे. १२ ला १२, ९ ला ९, ५ ला ५. जास्त दिला तर वस्तू जळते, ५ व्होल्टच्या वस्तूला १२ चा लावला तर बहुतेक परत उठत नाही. कमी दिला तर मजा वेगळी, ती लगेच मरत नाही, दिवे लागतात, आपल्याला वाटतं चाललं, आणि मग दर दहा मिनिटांनी बंद पडून चालू होते. १२ च्या राउटरला ९ चा अडाप्टर लावून कंपनीला शिव्या घालणारे दोन जण मी ओळखतो, त्यातला एक मीच. लॅपटॉपमधे १९ आणि साडेएकोणीस असा अर्ध्या व्होल्टचा फरक बहुतेक वेळा चालून जातो पण तेवढीच सूट, त्याच्यापुढे नाही.

दुसरा आकडा अँपिअरचा आणि इथे सगळ्यांचा गोंधळ. एक अँपवाल्या राउटरला दोन अँपचा अडाप्टर लावला तर जास्त करंट जाऊन जळेल असं लोकांना वाटतं, तसं नसतं. विहिरीत कितीही पाणी असू दे, कळशी तिच्या मापाएवढीच भरते. अँप म्हणजे अडाप्टर जास्तीत जास्त किती देऊ शकतो, घेणारी वस्तू तिला लागतं तेवढंच घेते. म्हणून अँप वस्तूवर लिहिल्याएवढे किंवा त्याहून जास्त चालतात, कमी चालत नाहीत. कमीचा लावला तर अडाप्टर तापतो, व्होल्ट पडतात, आणि घरातले चार मोबाईल एकदम वायफायवर आले की राउटर मान टाकतो. काही ठिकाणी अँपऐवजी मिलीअँप लिहितात, ५०० म्हणजे अर्धा अँप, १००० म्हणजे एक, १५०० म्हणजे दीड. नुसते वॅट लिहिले असतील तर व्होल्टने भागा, १८ वॅट भागिले १२ म्हणजे दीड अँप.

मग बघायचं एसी की डीसी, म्हणजे दिशा बदलत राहणारी वीज की एकाच दिशेने जाणारी. आऊटपुटच्या आकड्याशेजारी एक खूण असते, सरळ रेघ आणि तिच्याखाली तीन तुटक रेघा म्हणजे डीसी, नागमोडी रेघ म्हणजे एसी. घरातल्या बहुतेक वस्तू डीसीवरच्या. पण भजनी मंडळांकडे जे छोटे साऊंड मिक्सर असतात त्यातल्या काहींना एसी आऊटपुटचा अडाप्टर लागतो, जुन्या काही मोडेमना पण तसाच लागायचा. डीसीच्या वस्तूला एसीचा अडाप्टर घातला की ती कायमची जाऊ शकते, व्होल्टचा आकडा जुळला तरी, म्हणून नागमोडी रेघ दिसली की हात मागे.

आणि आता ती माझी गणपतीतली दुसरी चूक, पोलॅरिटी, म्हणजे पिनला प्लस कुठे आणि मायनस कुठे. स्टिकरवर एक छोटं चित्र असतं, मधे ठिपका, त्याच्याभोवती अर्धवट गोल, आणि दोन्ही बाजूंना अधिक-वजाची चिन्हं. ठिपक्याला जोडलेली रेघ अधिककडे गेली तर पिनच्या आतल्या बाजूला प्लस, वजाकडे गेली तर आत मायनस. राउटर, सेट टॉप बॉक्स, कॅमेरे यांना बहुतेक आत प्लस असतो. वाजवायच्या सामानात मात्र उलटं बरंच सापडतं, जुने कीबोर्ड आणि गिटारचे पेडल आत मायनसवाले. वस्तूवरचं चित्र आणि अडाप्टरवरचं चित्र समोरासमोर धरून बघा, अंदाज करू नका.

स्टिकर पुसलेला असेल तर? आपल्याकडे हे फार होतं, दमट हवेने शाई उडते, कागद सुटतो. मग मल्टीमीटर, म्हणजे व्होल्ट मोजायचा मीटर पाहिजे, साधा स्वस्तातला चालतो, वायरमनकडे असतोच. मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा, अडाप्टर बोर्डात लावा, मीटरची लाल काडी पिनच्या आतल्या भोकात आणि काळी पिनच्या बाहेरच्या धातूला. दोन्ही काड्या एकमेकींना लागू देऊ नका. आकडा सरळ आला तर आत प्लस, आकड्याआधी वजा आला तर आत मायनस. आजकालचे हलके अडाप्टर १२ च्या जागी ११.८ किंवा १२.२ दाखवतात, ठीक आहे. पण जुना जड अडाप्टर, आत ट्रान्सफॉर्मर असलेला, हातात घेतला की दगडासारखा लागतो, तो काहीही न जोडता १२ च्या जागी १६ सुद्धा दाखवतो आणि लोड आला की खाली येतो. असला राउटरसारख्या नाजूक वस्तूला नको. रेडिओला मात्र तोच बरा, हलका अडाप्टर लावला की मीडियम वेव्हवर खरखर येते, आमचे आबा आकाशवाणी रत्नागिरी ऐकताना अजून तो जडवालाच मागतात.

एवढं सगळं जुळलं की आता पिन. गोल पिनमधे बाहेरून साडेपाच मिलिमीटर जाड असलेली सगळ्यात जास्त दिसते, पण तिच्यात दोन जाती, आतलं भोक २.१ मिलिमीटरचं आणि २.५ मिलिमीटरचं. डोळ्यांना फरक कळत नाही. २.१ वाली पिन २.५ च्या सॉकेटात जातच नाही, जोर लावू नका. उलट २.५ वाली २.१ च्या सॉकेटात आरामात जाते पण ढिली बसते, वायरला धक्का लागला की वस्तू बंद. म्हणून दुकानात जाताना नुसता आकडा लिहून नेऊ नका, जुना अडाप्टर न्या, आणि जमलं तर वस्तूच न्या. कुडाळ, कणकवली, चिपळूण कुठेही मोबाईल नाहीतर टीव्ही दुरुस्तीवाला समोर लावून दाखवतो. पिनच जुळत नसेल आणि बाकी सगळं बरोबर असेल तर तो जुनी पिन वायरसकट कापून नव्याला जोडून देतो, तेव्हा एक करायला सांगा, जोडल्यावर मीटर लावून प्लस-मायनस परत बघ. वायरवरची पांढरी रेघ म्हणजे प्लस हे बऱ्याचदा खरं असतं, नेहमी नाही.

विकत घेताना अडाप्टरवर बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्युरो या सरकारी संस्थेची खूण आणि आर ने सुरू होणारा नोंदणी नंबर आहे का बघा, बीआयएस केअर नावाच्या ॲपमधे तो नंबर टाकला की कोणाच्या नावावर आहे ते दिसतं. बाजारात बटण फिरवून ३ पासून १२ व्होल्टपर्यंत बदलणारा अडाप्टर मिळतो, सोबत सहा-सात पिना, मी घेतला होता. सोय आहे, पण घरात पोरं असतील तर ते बटण कधी कुठे फिरेल सांगता येत नाही, आणि त्याच्या पिना उलट्या पण बसतात. राउटरसारख्या कायम चालू वस्तूला तो लावू नका.

टाईप सी ची गोष्ट वेगळी. तिथे चार्जर आणि वस्तू आधी आपापसात बोलतात आणि मग ५, ९, १५ की २० व्होल्ट द्यायचे ते ठरतं, त्यामुळे ६५ वॅटचा लॅपटॉपचा चार्जर मोबाईलला लावला तरी चालतो. उलट मोबाईलचा १८ वॅटचा लॅपटॉपला लावला तर रडत चार्ज होईल किंवा होणारच नाही. गोल पिनचे काही लॅपटॉप मात्र अडाप्टर ओळखतात, मधल्या बारीक पिनमधून, दुसरा लावला तर स्क्रीनवर तक्रार येते आणि बॅटरी भरत नाही, तिथे त्याच मॉडेलला चालणारा घ्या, प्रयोग नको.

बागायतवाल्यांसाठी एक. बॅटरीवरच्या फवारणी पंपाचा चार्जिंगचा डबा हरवला की लोक १२ व्होल्टचा अडाप्टर लावतात. तो डबा अडाप्टर नाही, चार्जर आहे. १२ व्होल्टची लेड ॲसिड बॅटरी भरायला १४ च्या वर व्होल्ट लागतात, १२ च्या अडाप्टरने ती कधीच पुरी भरत नाही आणि ऐन मोहोराच्या फवारणीत दोन कलमं झाली की पंप बसतो. लिथियमवाल्या पंपाला तर त्याचाच चार्जर, दुसरं काही नाही.

नवीन लावल्यावर अर्धा तास तिथेच राहा. हात लावून बघा, कोमट चालेल, हात ठेववत नसेल इतका गरम किंवा वास आला की काढा. खाऱ्या हवेने पिनेवर हिरवं चढतं, स्विच बंद करून, अडाप्टर बोर्डातून काढून सुक्या फडक्याने पुसत जा. मिरगाच्या आधी विजा सुरू झाल्या की नुसता स्विच बंद करून उपयोग नाही, अडाप्टर बोर्डातून बाहेर काढायचा. आणि पुरात बुडालेला अडाप्टर उन्हात वाळवून वापरू नका. २०२१ च्या जुलैत चिपळूणला पाणी भरलं होतं तेव्हाचा एक आमच्या पाहुण्यांकडे होता, वरून कोरडा ठक्क, आत चिखल.

आमच्या डब्यात आता प्रत्येक अडाप्टरला पांढरी चिकटपट्टी आहे, त्यावर मार्करने वस्तूचं नाव, व्होल्ट, अँप. मेलेले काढून टाकले. त्या भजनवाल्या पोराने कीबोर्डचा एक जास्तीचा अडाप्टर आमच्याकडेच आणून ठेवलाय, त्यावर त्यानेच लिहिलंय, "आत मायनस. काकांनी हात लावू नये."