साठा वाढणार असेल तर सुरुवातीलाच रेड ६

लग्नाचे व्हिडिओ, अहिराणी गाण्यांची रेकॉर्डिंग असा साठा दरवर्षी वाढतो. डिस्कची चार खणांची पेटी भरली की सगळा डेटा हलवत बसावं लागतं. रेड म्हणजे अनेक डिस्क मिळून एकच साठा करायची पद्धत, एखादी डिस्क बिघडली तरी डेटा वाचावा म्हणून; रेड ५ आणि रेड ६ हे तिचे प्रकार. जळगाव-धुळ्याकडच्या स्टुडिओवाल्यांनी हे करून बघा:

१. डिस्क आज चारच घ्या, पण नासची (नेटवर्कला जोडून वापरायच्या साठ्याची) पेटी आठ खणांची घ्या. चालू रेडमध्ये नंतर डिस्क वाढवता येते ना, हे दुकानदाराला आधीच विचारा.

२. रेड ६ निवडा. ४ टीबीच्या चार डिस्कवर साधारण ८ टीबी जागा मिळते, पुढे दर नव्या डिस्कमागे ४ टीबी वाढते. दोन डिस्क एकदम गेल्या तरी डेटा शाबूत. रेड ५ मध्ये जागा जास्त मिळते, पण एक डिस्क गेली की नवी भरून होईपर्यंत दुसरी जाऊन चालत नाही. भुसावळच्या मे महिन्यात, पारा ४५ कडे असताना, मी तरी तो धोका घेणार नाही.

३. डिस्क सीएमआरच (जिच्यात डेटाचे पट्टे एकमेकांवर चढत नाहीत अशी) मागा. एसएमआरवर (पट्टे एकमेकांवर चढवलेल्या डिस्कवर) रिबिल्ड, म्हणजे बदललेल्या डिस्कवर डेटा पुन्हा भरणं, फार रखडतं.

डिस्क जोडताना यूपीएस हवाच. आणि बाहेर वेगळी कॉपी ठेवा, कारण चुकून डिलीट झालेली फाइल रेड परत देत नाही.