तूर निवडली की लातूरही रंगतं: हायलाइटच्या गोंधळात या चुका टाळा

लातूरच्या बाजारातली रोजची आवक आणि भाव मी साध्या मजकूर फाईलमध्ये ठेवतो. एका ओळीत गाव, माल, क्विंटल, दर. एकदा दिवसभराची सगळी तूर पांढरी होती, तशी नोंद करायची होती. व्हीएस कोड या एडिटरमध्ये (मजकूर लिहायच्या प्रोग्राममध्ये) 'तूर'वर डबल-क्लिक केलं, फाईलभर फिकट पट्टे उमटले. कंट्रोल-शिफ्ट-एल दाबून सगळे एकदम निवडले आणि 'तूर-पांढरी' टाइप केलं. वर जाऊन पाहतो तर ओळीओळीला 'लातूर-पांढरी'! कंट्रोल-झेडने निभावलं, पण ती फाईल तशीच पुढे गेली असती तर आडतीवर कुणाला काय कळलं असतं?

चूक नजरेची होती. ते पट्टे एकाच सोयीचे नसतात. कर्सर नुसता शब्दात ठेवला की 'ऑकरन्सेस हायलाइट' जागं होतं आणि साध्या मजकुरात ते पूर्ण शब्दच धरतं. शब्द निवडला की 'सिलेक्शन हायलाइट' येतं, आणि ते अक्षरं जुळवतं. म्हणून 'लातूर'मधला 'तूर'ही त्यात सापडतो. दोन्हींचे रंग इतके जवळचे की फरक पटकन कळत नाही. त्यात शोधचौकट उघडी असली की तिचे पट्टे आणखी वेगळे. म्हणून सगळीकडे एकदम बदल करायचा असेल तर पट्ट्यांवर विसंबू नका. शोधचौकटीत 'मॅच होल वर्ड' (पूर्ण शब्दच जुळवा) लावा, किती जागा सापडल्या तो आकडा बघा, मगच बदला.

रंगांची गर्दी झाली की बरेच जण आधी थीम बदलतात. त्याने काही सुटत नाही, नुसते रंग बदलतात. सेटिंग्जमध्ये जाऊन या दोन सोयींपैकी एक बंद करा, फाईल बघा, मग दुसरी. दोन्ही एकदम बंद केल्या तर त्रास कुणाचा होता ते कळायचंच नाही. मी सिलेक्शनवालं बंद ठेवलंय. आमच्या फाईलींना तेच सोयीचं.

रंग स्वतः ठरवणाऱ्यांची चूक वेगळी. सहा अंकी रंगकोड दिला की रंग पूर्ण अपारदर्शक होतो. भिंतीला चुन्याचा जाड हात दिल्यासारखे खालचे पट्टे झाकले जातात, मग शोधलेल्या शब्दाचा पट्टा तिथे असून दिसत नाही. कोड आठ अंकी द्या. शेवटचे दोन अंक पारदर्शकतेचे. ही मोजणी शंभरची नसते, सोळाच्या पटीतली असते; म्हणून तिथे ८० लिहिलं की रंग साधारण निम्मा पारदर्शक होतो आणि दोन पट्टे एकावर एक आले तरी दोन्ही ओळखू येतात.

नोटपॅड प्लस प्लस या दुसऱ्या एडिटरमध्ये डबल-क्लिकचा रंग आपोआप जातो, पण 'मार्क' करून दिलेला रंग स्वतः पुसावा लागतो. जुन्या मार्कला नवा शोध समजू नका.

एवढं करूनही व्हीएस कोडमधला एखादा पट्टा जात नसेल तर एक्स्टेन्शनवर (वरून बसवलेल्या जोड-प्रोग्रामवर) संशय घ्या. एकेक काढत बसू नका. कमांड पॅलेटमधून (आज्ञांच्या यादीतून) 'स्टार्ट एक्स्टेन्शन बायसेक्ट' चालवा. ते निम्मी एक्स्टेन्शन बंद करून त्रास गेला का विचारतं, मग उरलेल्यांतली निम्मी. सोळा असतील तरी चार-पाच फेऱ्यांत नेमकं सापडतं.