सेनोटेत पोहायला जाताय? या चुका टाळा

मेक्सिकोत कॅनकुनला जाणारी आपली मंडळी हल्ली समुद्राबरोबर एखादा सेनोटेही आवर्जून बघतात. कॅनकुन ज्यावर वसलंय त्या युकातान द्वीपकल्पाची जमीन चुनखडकाची. पावसाचं पाणी वाहण्याऐवजी मुरतं, म्हणून तिथे जमिनीवर नद्या जवळजवळ नाहीतच. खडक आतून विरघळत जातो, कधीतरी छत कोसळतं आणि खालचं निळंशार पाणी उघडं पडतं, तोच सेनोटे. माया लोकांनी या पाण्यावर गावं वसवली, आजही तिथली तहान याच भूजलावर भागते. आपण कुणाच्या तरी पिण्याच्या विहिरीत उतरतोय, हे आधी मनात पक्कं असू द्या.

सर्वांत मोठी चूक सनस्क्रीनची. हॉटेलातून निघतानाच लोक अंगभर चोपडतात आणि आत शिरताना शॉवरखाली दोन सेकंद उभे राहतात. एवढ्याने क्रीम निघत नाही. आपल्याकडच्यांची त्यात भर म्हणजे केसांना लावलेलं खोबरेल. वरून उन्हाची तिरीप पाण्यावर पडते तेव्हा तेलाचा रंगीत तवंग स्पष्ट दिसतो, आणि पाणी संथ असल्याने तो तिथेच रेंगाळतो. मला ते बघवत नाही. लांब बाह्यांचा पोहण्याचा टी-शर्ट घाला, क्रीमची गरजच उरत नाही. लावून झालं असेल तर आधी टॉवेलने पुसा, मग शॉवरखाली खसखसून चोळा.

‘मला पोहता येतं’ म्हणून लाइफ जॅकेट नाकारणं ही दुसरी चूक. शिडीची शेवटची पायरी सुटली की पायाखाली काही नसतं. इक किल या सेनोटेचं पाणी सुमारे 40 मीटर खोल आहे. पाणी गोडं, त्यामुळे समुद्रासारखं अंग सहज तरंगत नाही. तापमान साधारण 24-25 अंश. बाहेरच्या उकाड्यातून थेट मुटका मारला की श्वास अडकतो. पायरीवर बसून आधी पाय, मग छाती भिजवा. धाप लागलीच तर पोहण्याचा हट्ट सोडून पाठीवर पडा किंवा आडवा बांधलेला दोर धरा.

पाण्याखालच्या गुहांच्या तोंडाशी मृत्यूचं चित्र असलेली पाटी असते. ती शोभेची नाही. साक आक्तुन आणि दोस ओहोस या गुहा जोडलेल्या आहेत हे 2018 साली सिद्ध झालं, तेव्हा त्या जाळ्याची लांबी भरली सुमारे 347 किलोमीटर! साध्या गाइडेड डाइव्हमध्ये बाहेरचा उजेड कायम दिसला पाहिजे. गाइड पाटीपलीकडे नेऊ लागला तर तिथूनच परता.

चिचेन इत्सा या प्राचीन माया शहरातल्या पवित्र सेनोटेत पोहता येत नाही. त्यातून सोनं, जेड आणि माणसांची हाडं निघाली आहेत. पोहायचं असेल तर जवळच्या इक किलला जा, तेही दुपारच्या बसगाड्या येण्याआधी. सुटे पेसो जवळ ठेवा.

घड्याळाचंही बघा. कॅनकुनची वेळ शेजारच्या युकातान राज्याच्या एक तास पुढे आहे. त्या राज्यातल्या वायादोलिद शहराजवळच्या सुयतुन सेनोटेत छताच्या भोकातून उन्हाचा झोत माध्यान्हीच्या सुमारास पडतो. कॅनकुनच्या घड्याळाने बाराला पोहोचलात तर तिथे अकराच वाजलेले असतात, थोडं थांबा. परतताना मात्र तोच तास हातचा जातो, म्हणून संध्याकाळचं विमान असलेल्या दिवशी सुयतुन ठेवू नका.