आठवत नाही? या चुका टाळा

नाव अगदी ओठांवर असतं. पहिलं अक्षरही जाणवतं, पण पुढे गाडी सरकत नाही. मग आपण इरेला पेटतो आणि कपाळ चोळत बसतो. इथेच पहिली चूक होते. २००८ साली वॉरिनर आणि हम्फ्रीज या संशोधकांनी अशा अडकलेल्या लोकांपैकी काहींना १० सेकंदांत उत्तर सांगितलं, काहींना ३० सेकंद झगडू दिलं. दोन दिवसांनी पाहिलं, तर जास्त झगडलेले लोक त्याच शब्दांवर पुन्हा जास्त अडकले. आठवण्याऐवजी अडकण्याचाच सराव झाला म्हणायचा! त्यामुळे नाव सापडत नसेल तर सरळ शोधा किंवा कुणाला विचारा आणि मिळाल्यावर एकदोनदा मोठ्याने म्हणा. यात कमीपणा कसला?

दुसरी चूक म्हणजे ‘आठवत नाही, म्हणजे विसरलोच’ असं धरून चालणं. टल्विंग आणि पर्लस्टोन यांनी १९६६ मध्ये लोकांना प्राणी, फळं अशा गटांतले शब्द पाठ करायला दिले. नुसतं ‘आठवा’ म्हटल्यावर जेवढे शब्द निघाले, त्याहून कितीतरी जास्त गटांची नावं दाखवल्यावर निघाले. शब्द डोक्यात होतेच, ओढून काढायला दोरी नव्हती. म्हणून ‘त्याचं नाव काय?’ हेच घोकू नका. तो कुठे भेटला, सोबत कोण होतं, विषय काय निघाला होता, असे आजूबाजूचे धागे धरा. खोलीत येऊन कशासाठी आलो तेच विसरलात, तर विचार जिथे सुचला तिथे परत जाऊन बघा. दरवेळी जमेलच असं नाही, पण प्रयत्न फुकटचा आहे.

परीक्षार्थींची लाडकी चूक वेगळीच: पुन्हा पुन्हा वाचणं. वाचताना सगळं ओळखीचं वाटतं आणि ओळखीचं वाटलं की येतंय असं वाटतं. रोडिगर आणि कार्पिक यांच्या २००६ च्या प्रयोगात पाच मिनिटांनंतर दोनदा वाचणारे पुढे होते, ८१ विरुद्ध ७५ टक्के. आठवड्याने मात्र एकदा वाचून मग न बघता लिहून काढणाऱ्यांना ५६ टक्के आठवलं, वाचणाऱ्यांना ४२. पुस्तक मिटा, कोऱ्या कागदावर लिहा. त्रास होतो, खरं आहे. पण फायदा त्या त्रासातच आहे.

शेवटची चूक आपण दुसऱ्याच्या आठवणीबाबत करतो: प्रश्नातच उत्तर भरतो. लॉफ्टस आणि पामर यांनी १९७४ मध्ये मोटार-अपघाताची फिल्म दाखवून वेग विचारला. काहींना गाड्या ‘धडकल्या’ तेव्हाचा, काहींना ‘जोरात आदळल्या’ तेव्हाचा. आठवड्याने ‘फुटलेली काच दिसली का?’ असं विचारल्यावर पहिल्या ५० पैकी ७ जण हो म्हणाले, दुसऱ्या ५० पैकी १६. फिल्ममध्ये काच फुटलेलीच नव्हती. तेव्हा ‘किल्ली टेबलावरच ठेवली होतीस ना?’ असं विचारू नका. ‘घरात आल्यावर काय काय केलंस?’ एवढं विचारा आणि गप्प बसा.