मुंबईतील पर्जन्य जलवाहिनीच्या कामाची प्रगती कशी तपासावी

मुंबईत पावसाचे पाणी आणि सांडपाणी यांच्या वाहिन्या वेगवेगळ्या असल्याने, रस्त्यावर चाललेले काम यांपैकी कोणत्या वाहिनीचे आहे, हे आधी कामाच्या फलकावरून पाहावे आणि तेथील मुदत टिपून ठेवावी. मात्र खोदाई किती मीटर झाली, या आकड्यावर विसंबू नये. नवी रुंद वाहिनी पुढच्या नाल्याला जोडली गेली आहे का, हा खरा प्रश्न असतो; कारण ती जुन्या अरुंद वाहिनीत सोडलेली असेल, तर पाणी तेथेच तुंबते. शहरातील जुन्या वाहिन्या ताशी 25 मिलिमीटर पावसासाठी बांधल्या होत्या आणि पर्जन्य जलवाहिन्या सुधारण्याच्या ब्रिमस्टोवॅड प्रकल्पात ही क्षमता 50 मिलिमीटर करण्याचे ठरले. भरतीच्या वेळी मात्र वाहिनीचा आकार पुरेसा ठरत नाही, तेव्हा हाजी अली किंवा इर्ला येथे आहे तसे उदंचन केंद्र, म्हणजे पाणी पंपाने समुद्राकडे सोडणारे केंद्र, लागते. म्हणून आपल्या भागाचे पाणी कोठे जाते, तेही विचारावे.

महापालिकेच्या विभाग कार्यालयात तोंडी उत्तरावर समाधान न मानता, माहिती अधिकार कायद्याखाली कार्यादेश, मोजमाप पुस्तिका (प्रत्यक्ष झालेल्या कामाच्या मोजमापांची नोंदवही) आणि मुदतवाढीची पत्रे मागावीत. उत्तरासाठी सर्वसाधारणपणे 30 दिवसांची मर्यादा असते, त्यामुळे अर्ज मेच्या अखेरीस नव्हे, मार्चमध्येच करावा.